दोन भोवरे

याचं जावळ मीच काढलं होतं,
कोपरखैरण्यात, माथाडींच्या बैठ्या घरांपुढं.
मामाच्या मांडीवर रडून रडून निळं पडलेलं पोर
आणि टाळूमागं दोन भोवरे.
बायका हसल्या होत्या :
दोन भोवरे, दोन बायका करणार गं हा.

आता सोळाचा आहे. प्रज्वल दिनकर नलवडे.
खुर्चीत बसतो. मी कापड टाकतो, मानेशी गाठ मारतो,
तर कापड आतून उजळतं,
निळं, मग पिवळं, मग निळं.
खाली अंगठा चालू आहे,
पोत्यात मांजराचं पिल्लू हलावं तसा.

मान वर कर, म्हणतो. करतो.
कात्री चारदा वाजते, तोवर परत खाली.
मानेमागचं हाड वर आलंय.
याच्या बापाचंही असंच,
पण दिनकरचं पन्नास किलोच्या गोणीनं,
कांदा-बटाटा मार्केटात, वीस वर्षं घालवून.
मी काही बोलत नाही.
वस्तरा हातात असताना बोलू नये.

तोच बोलतो.
"काका, भोवरा काढता येतो का?"

फोन वर येतो कापडातून.
कुठल्या तरी देशाचा एक पोरगा,
केस पाण्यासारखे पडतात, उठतात, पडतात.
मग हा स्वतः, गच्चीवर, मागं खाडी,
पलीकडं विक्रोळीचे टॉवर पेटलेले.
"बघा, इथं उभेच राहतात. खाली लिहिलंय कुणीतरी,
अँटेना.
एकशे बारा जण हसलेत त्यावर.
आणि माझं तोंड वाकडं आहे, काका.
आरशात कळत नाही. आरसा खोटं दाखवतो."

मी आरशाकडं बघितलं.
बेल्जियमचा म्हणून विकला होता मला एकानं.
सव्वीस वर्षं माणसं त्यात बघून
मान हलवून पैसे देऊन गेली.

भोवरा पुसता येत नाही रे.
नदीतला असता तर पूर ओसरल्यावर गेला असता,
लाकडाचा असता तर दमून आडवा झाला असता,
हा तुझ्यासकट आलाय, तुझ्यासकट फिरणार –
असलं काहीतरी ओठावर आलं.
म्हणालो, "थोडे वाढव. वाढले की बसतात."

आणि मी कोण सांगणार?
रात्री अर्धं शटर ओढून याच खुर्चीत बसतो मी.
तुर्कस्तानातला एक न्हावी
गिऱ्हाइकाच्या कानाला जाळ लावतो.
मग कुणी गालिचा धुतं. काळं पाणी, करडं पाणी, पांढरं.
मग एक बाई रडते,
का रडते ते कळायच्या आत कुत्रं पोहायला लागतं.
घरून दोनदा फोन. आलोच, म्हणतो.
परवा केस झाडताना आठवून पाहिलं,
गालिचा सोडून काही आठवेना.
गालिच्याचाही रंग नाही.

"तेल लावू? पैसे नको देऊ."
नको-हो काहीच म्हणाला नाही.
बोटं टेकवली. आधी डावा भोवरा, मग उजवा,
एक घड्याळाच्या बाजूनं फिरतो, एक उलटा,
सोळा वर्षांत जराही बदललेले नाहीत,
डोळे मिटूनही सापडतात मला.
हळूहळू मान सैल पडली,
डोकं माझ्या पोटाशी टेकलं, जड,
जावळाच्या दिवशी शेवटी असाच झोपला होता.

कापडाखालचा अंगठा थांबला.
पण जिथं थांबला तिथलं सुरूच राहिलं.
कुणीतरी हसतं सात सेकंद,
मध्ये एकदा खोकतं,
आणि पुन्हा पहिल्यापासून, तेवढंच, तसंच हसतं.

बाकड्यावरच्या गिऱ्हाइकानं घड्याळाकडं पाहिलं.
मी तेलकट हातानंच खूण केली, थांब जरा.
गाठ सोडून फोन बंद करावा
तर हा जागा होणार.